एकतीस नोव्हेंबर

शाळेच्या फाटकाशेजारच्या फळ्यावर खडूनं लिहिलं होतं – 'पालक सभा : मंगळवार, दि. ३१ नोव्हेंबर. सर्व पालकांनी वेळेवर उपस्थित राहावे.'

चैतालीनं ते पुन्हा एकदा वाचलं. मग डाव्या हाताची मूठ वळली आणि बोटाच्या हाडांवरून महिने मोजायला सुरुवात केली. उंचवटा म्हणजे एकतीस, खळगा म्हणजे तीस...

"खळग्यातच येतो," शेजारून आवाज आला. "मीपण आत्ताच मोजला."

तिनं वळून पाहिलं. उंच, सावळा, कानाच्या पाळीवर निळ्या रंगाचा वाळलेला ठिपका, आणि खांद्यावर पहिलीतल्या मुलाचं एवढंसं दप्तर. त्याच्याही हाताची मूठ अजून वळलेलीच होती.

"पण तारीख झकास निवडलीय," तो गंभीरपणे म्हणाला. "कुणालाच रजा काढावी लागणार नाही."

अनोळखी माणसाच्या विनोदाला हसायचं नाही, असं चैतालीनं कॉलेजात असतानाच ठरवलं होतं. पण ती हसली. चांगली मोठ्यानं हसली. आणि नेमक्या त्याच वेळी मुख्याध्यापिकाबाई फाटकातून बाहेर आल्या.

"एवढं हसू येतंय, तर तुम्हीच का लिहीत नाही?" बाई म्हणाल्या. "महिन्याला एक पत्रक काढायचं माझ्या डोक्यात कधीचं आहे. शाळेत काय झालं, पुढं काय होणार. 'पालकवार्ता'. या स्नेहलकडच्या, हे आयुषकडचे. दर गुरुवारी मुलांना सोडलं की तासभर बसा. यशोदाबाई चहा देतील."

झालं. मुलीकडचे आणि मुलाकडचे म्हणून दोघांची ओळख करून देऊन बाई आत निघून गेल्या.

गंगापूर रोडवरच्या त्या छोट्याशा शाळेच्या फाटकाशी एक गंमत होती. तिथं मोठ्या माणसांना नावंच नव्हती. मुलाच्या नावापुढं 'ची आई' किंवा 'चे बाबा' लावलं की काम भागायचं. चैताली भौतिकशास्त्र घेऊन बी.एस्सी. झालेली, पुढच्या वर्षी एम.एस्सी.ला जाणार होती. तोवर घरी होती. वहिनीला डॉक्टरांनी बाळंतपणापर्यंत पडून राहायला सांगितलं, म्हणून भावाच्या मुलीला, स्नेहलला, शाळेत सोडायचं काम तिच्याकडं आलं. पहिल्या आठवड्यात तिनं सगळ्यांना "आई नाही हो, आत्या" असं सांगून पाहिलं. पण शिपाईण यशोदाबाई दुसऱ्या दिवशी पुन्हा फाटकातून ओरडायच्याच, "ओ स्नेहलच्या आई, डबा राह्यला पोरीचा!" शेवटी तिनं नाद सोडला. घरात सगळे तिला ताई म्हणायचे, म्हणून स्नेहलही ताईच म्हणायची. त्यामुळं पोरीच्या तोंडूनही कुणाला काही कळायचा संबंध नव्हता.

आयुष त्या उंच माणसाला 'भाऊ' म्हणायचा.

चैतालीच्या वडिलांना घरात सगळे भाऊच म्हणत. तीही तेच म्हणत मोठी झाली. तेव्हा भाऊ म्हणजे वडील, हे तिला इतकं उघड होतं की विचारायचं तिच्या मनातही आलं नाही. एका घराच्या निरीक्षणावरून सगळ्या जगाचा नियम काढायचा नसतो, हे प्रयोगशाळेत तिला शिकवलं होतं. पण फाटकाशी प्रयोगशाळा थोडीच असते?

*

गुरुवार सुरू झाले.

शाळेच्या ग्रंथालयात, म्हणजे दोन कपाटं आणि एक डगमगतं टेबल असलेल्या खोलीत, ती मजकूर लिहायची आणि तो शीर्षकं रंगवायचा. दुकानांच्या पाट्या रंगवणं हा त्याचा धंदा होता. त्याचं नाव किशोर, हे तिला दुसऱ्या गुरुवारी कळलं. गाव नामपूर. एरवी तो अगदी शहरी बोलायचा, पण गडबडला की तोंडातून 'आहे'च्या जागी गावाकडचं 'शे' निसटायचं.

"'सहलीसाठी मुलांनी दोन ते तीन पोळ्या व सुकी भाजी आणावी,'" त्यानं तिचा कागद वाचला. "दोन ते तीन म्हणजे अडीच?"

"म्हणजे ज्याच्या त्याच्या भुकेप्रमाणे."

"मग तसं लिहा ना. तुमच्या वाक्यांना, मॅडम, इस्त्री केलेली असते. घालायला भीती वाटते."

"आणि तुमच्या अक्षरांना?"

"त्यांना जेवायला घातलेलं असतं. हा 'ळ' बघा, कसा पोट सुटल्यासारखा बसलाय."

तिला हसू आवरेना. 'स्वेटरवर मुलाचे नाव शिवावे' या साध्या सूचनेत त्यानं एवढासा स्वेटर काढला, आणि त्यावर बारीक अक्षरांत लिहिलं – चैताली.

"हे काय?"

"कुणाचंतरी नाव घालायलाच हवं होतं..." तो कुंचला धूत म्हणाला. वर न पाहता.

शाई तिच्या बोटाला लागली होती. त्यानं फडकं पुढं केलं. तिनं ते घेतलं. फडक्याचं दुसरं टोक त्यानं जरा उशिरानंच सोडलं.

त्या दिवशी घरी जाताना चैताली स्वतःवरच चिडली. अगं बाई, तो आयुषचा बाप आहे! असा कसा हा माणूस? दिसायला सरळ, बोलायला गोड, आणि मुलाला वर्गात सोडून आलं की दुसऱ्याच बाईला फडकं देतो. बरं, तो असा आहे म्हणावं, तर मग आपण कशा आहोत? बुधवारी रात्री वेणी घालताना आरशासमोर एवढा वेळ का लागतो?

डिसेंबरातल्या एका थंड सकाळी उरलासुरला संशयही मिटला. रस्त्याच्या पलीकडं एक नर्स स्कूटीवरून उतरली, पांढरा गणवेश, त्यावर स्वेटर. तिनं किशोरच्या हातात डबा दिला. आयुषच्या गळ्यातला मफलर नीट केला, मग किशोरच्याही. तोही लहान मुलासारखा मान पुढं करून उभा राहिला. त्या इतक्या घरच्या, इतक्या सवयीच्या हालचालीकडं बघता बघता चैतालीनं स्नेहलच्या स्वेटरचं आधीच लावलेलं बटण पुन्हा लावलं.

छान बायको आहे, तिनं मनाशी म्हटलं. खरंच छान आहे. मग आपल्याला रडायला का येतंय?

*

जानेवारीच्या पत्रकासाठी बाईंनी कार्यक्रमांची चिठ्ठी पाठवली होती. त्यात होतं – 'महिला पालकांसाठी हळदीकुंकू'. चैतालीनं ते खोडून लिहिलं – 'सर्व आयांसाठी तिळगूळ मेळावा'.

"हळदीकुंकू कुठं गेलं?" किशोरनं विचारलं.

"काढलं. आमच्या घरी नाही करत. आम्ही बौद्ध. पण नुसतं तेवढंच नाही..." ती पेनाचं टोक बघत राहिली. "सगळ्या आयांना बोलवायचंय ना? मग ज्यांच्या कपाळाला कुणी कुंकू लावणार नाही, त्यांनी काय फाटकाबाहेर उभं राहायचं? बाईंना मी समजावते."

त्यानं कुंचला खाली ठेवला. एकही विनोद नाही. चहा निवला तरी त्यानं कप उचलला नाही. मग कोरा कागद ओढून त्यानं 'सर्व' हा शब्द इतका मोठा, इतका ठळक रंगवला, की बाकीचं शीर्षक दुसऱ्या ओळीत ढकलावं लागलं.

"चैताली..." मॅडम नाही. पहिल्यांदाच नुसतं नाव. "मला तुमच्याशी एक बोलायचंय."

तिच्या छातीत धडधडायला लागलं. आणि त्याच धडधडीची तिला भयंकर लाज वाटली. इथंच थांबवायला हवं होतं. आत्ताच.

"आधी मला सांगा," ती शक्य तितक्या कोरड्या आवाजात म्हणाली, "हे तुम्ही माझ्याशी असं... असं हसून-खेळून बोलता, ते तुमच्या घरी माहितीये का?"

किशोरचा चेहरा उजळला. चक्क उजळला!

"माहितीये ना! पहिल्याच गुरुवारी सांगितलं मी. तिला फार आनंद झाला. तुम्हाला भेटायचंय म्हणते. आता मेळाव्याला घेऊनच येतो तिला."

चैताली त्याच्याकडं बघतच राहिली. आनंद झाला? कुठल्या जगातली बाई ही?

"मी... मी पुढच्या महिन्यापासून येणार नाही," ती कशीबशी म्हणाली. "वहिनीचं बाळंतपण जवळ आलंय. पत्रक तुम्ही बघा." आणि ती निघाली. टोपण न लावलेलं पेन तसंच हातात होतं. दारातून तिनं एकदा वळून पाहिलं. तो उभा होता, हातात कुंचला, आणि चेहऱ्यावर गणित चुकलेल्या मुलासारखा गोंधळ.

*

मेळाव्याला ती येणारच नव्हती. पण बायांचं स्वागत करायला बाईंनी तिलाच फाटकाशी उभं केलं. 'सर्व'चा परिणाम म्हणा, गर्दी लोटली होती.

"लय बाया आल्या या टायमाला," यशोदाबाई तिळगुळाचं ताट सावरत म्हणाल्या. "मीबी पहिल्यांदाच आत बसनार हाय. दरसाल नुसती ताटं उचलते."

तेवढ्यात ती आली. आज गणवेश नव्हता, साधी मोतिया रंगाची साडी होती. सरळ चैतालीच्या समोर येऊन उभी राहिली.

"चैताली तुम्हीच ना?"

या फाटकाशी तिला नावानं हाक मारणारी ही पहिलीच बाई. चैतालीच्या हातातली वडी खाली पडली.

"मी मोहिनी. आयुषची आई."

"मला माहितीये," चैताली घाईघाईनं म्हणाली. "हे बघा, तसं काहीही नाहीये. आम्ही फक्त पत्रक लिहायचो. मी यायचं बंद करतेय, सांगितलंय मी त्यांना. तुमच्या संसारात माझ्यामुळं..."

"माझ्या संसारात?" मोहिनीच्या कपाळावर आठी पडली. त्या कपाळावर काहीच नव्हतं, हे चैतालीला आत्ता दिसलं. "अगं, आयुषच्या बाबांना जाऊन तीन वर्षं झाली."

आजूबाजूचा कलकलाट एकदम लांब गेल्यासारखा झाला.

"मग... मग भाऊ?"

"भाऊ माझा! माझा धाकटा भाऊ. मी भाऊ म्हणते म्हणून आयुषपण म्हणतो. मामा म्हण म्हणून किती शिकवलं त्याला..." आणि मग मोहिनीच्या डोळ्यांत हळूहळू उजेड पडला. "थांब, थांब. तू किशोरला आयुषचा बाप समजलीस? इतके दिवस?"

ती हसायला लागली. ताटाला धरून हसली, यशोदाबाईंच्या खांद्याला धरून हसली. हसता हसता तिनं पदरानं डोळे टिपले, आणि मग बराच वेळ टिपतच राहिली.

"बालवाडीपासून दरवर्षी या कार्यक्रमाच्या दिवशी मी मुद्दाम ड्यूटी मागून घ्यायची," ती हळूच म्हणाली. "या वेळी किशोरनं पत्रक आणून हातात दिलं. म्हणाला, ही ओळ त्या मुलीनं लिहिलीय. म्हटलं, बघू तरी कोण आहे ती." तिनं ताटातली एक वडी उचलून चैतालीच्या हातावर ठेवली. "जा. तो मुलांना घेऊन मागच्या मैदानात बसलाय. तू येणार नाही म्हणालीस, तेव्हापासून जेवत नाहीये नीट."

*

किशोर घसरगुंडीच्या शेवटच्या टोकाला बसला होता. आयुष आणि स्नेहल मातीत किल्ला करत होते. तिला पाहून तो उठला, पुन्हा बसावं की काय अशा विचारात अर्धवट वाकला, मग उभाच राहिला.

"मी काही चुकीचं बोललो का?" त्यानं विचारलं. "ताईला आधी सांगायला नको होतं का? तुम्हीच विचारलंत, घरी माहितीये का म्हणून, मला वाटलं..."

"तुम्हाला माहिती होतं," चैताली म्हणाली, "की मी स्नेहलची आई नाही?"

"पहिल्याच दिवशी! तिला विचारलं ना मी, ही ताई तुझी कोण? म्हणाली, बाबांची बहीण. का हो?"

साधं विचारलं होतं त्यानं. एका प्रश्नाचं काम. आणि ती, बी.एस्सी. फर्स्ट क्लास, महिनोन् महिने पुरावे गोळा करत बसली होती.

"कारण मी कुणाला विचारलं नाही," ती जमिनीकडं बघत म्हणाली. "मी तुम्हाला आयुषचे बाबा समजत होते."

किशोरनं डोक्याला हात लावला. "हाई काय शे!" तो म्हणाला. "म्हणजे तो स्वेटर... ते फडकं..."

"हो."

"अरे देवा. म्हणजे तुमच्या हिशेबानं मी एक नंबरचा लफंगा."

"हो."

त्याच्या भुवया वर चढायला लागल्या, आणि ओठांच्या कोपऱ्यात ते फळ्याजवळचं हसू आलं.

"एक मिनिट, मॅडम. मी बायको-मुलाचा माणूस, आणि तुमच्याशी असं बोलतोय, हे तुम्हाला पटलेलं होतं?"

"पूर्ण."

"आणि तरी तुम्ही दर गुरुवारी येत होतात?"

चैतालीचे कान तापले. उत्तर शोधायला तिनं वर पाहिलं, खाली पाहिलं, किल्ल्याकडं पाहिलं. पण निरीक्षणं सगळी तिच्याच विरुद्ध होती, आणि ती खोडता येत नाहीत, हे तिला कुणी शिकवायला नको होतं.

"चहा चांगला असायचा," ती पुटपुटली.

"यशोदाबाईंचा? त्यात साखर कुठं असते?"

दोघंही एकदम हसले. तिनं मूठ उघडली. वडी घामानं चिकटली होती. तिनं ती मोडली, मोठा तुकडा त्याच्यापुढं धरला. या वेळी त्याची बोटं तिच्या बोटांपाशी थांबली तेव्हा तिनं हात मागं घेतला नाही.

"फेब्रुवारीच्या पत्रकात क्रीडादिन आहे," तो म्हणाला. "आई-बाबांची तीन पायांची शर्यत. बाईंनी तसंच लिहिलंय. आयुष काल विचारत होता, आपलं कोण पळणार?"

"मग आपण बदलू. 'मुलाला शाळेत सोडायला येणारं कुणीही.'"

"दोघं दोन वेगवेगळ्या मुलांकडचे असले तर चालेल?"

"नियमात तसं काही नाही अजून."

"मग घाला ना, मॅडम. इस्त्री करून घाला." तो जरा थांबला. आवाज उतरला. "आणि... तुमच्या घरी भेटायला कधी येऊ? ताईला घेऊन?"

चैतालीनं डाव्या हाताची मूठ वळली, त्याच्यासमोर धरली, आणि एका खळग्यावर बोट टेकवलं.

"एकतीस नोव्हेंबरला नका येऊ," ती म्हणाली. "त्याच्या आधी कधीही."