एक्केचाळीस नंबरची चकती

विश्वास ठेवा, नाहीतर सोडून द्या. मी तिथे होतो, आणि खोटं मीच बोललो.

नेवाडातलं आमचं केस्ट्रल फ्लॅट. १९०६ साली सोनं लागलं आणि उजाड माळावर पाच हजार माणसं येऊन पडली. बँक, नाटकगृह, सतरा दारूचे गुत्ते. सात वर्षांत सोनं आटलं. जाताना लोकांनी दारं-खिडक्यासुद्धा काढून नेल्या.

१४ ऑक्टोबर १९१३. खाणीची शेवटची पाळी.

खाली जाताना आपल्या नंबरची पितळी चकती खिशात टाकायची, वर आलं की फळीवरच्या खिळ्याला अडकवायची. फळी भरली म्हणजे खाली कोणी नाही.

माझ्या थोरल्या भावाने, डेन्झिलने, खालीच आपली एक्केचाळीस नंबरची चकती माझ्या हातात कोंबली.

"लावून टाक. भिंतीत अजून मूठभर सोनं आहे. सगळे पांगले की हवेच्या भोकातून निघतो."

"आणि पकडला गेलास तर?"

"तू गप्प बस म्हणजे झालं."

मी दोन्ही चकत्या लावल्या. मुकादमाने फळी पाहिली.

"सगळे वर?"

"सगळे."

"मग सुरुंग लावून तोंड बंद करा. हवेचं भोक सकाळीच बुजवलंय."

बोललो असतो तर चोरी उघडी पडून दोघंही तुरुंगात गेलो असतो. हे मी स्वतःला सांगतो. खरं म्हणजे त्याची बायको, लव्हडे वहिनी, मला आवडायची.

सुरुंग उडाला. धूळ बसली. मग जमिनीखालून...

टक. टक. टक.

विलायतेतून आलेले आम्ही कॉर्निश खाणकामगार मानतो, खाणीतली भुतं भुकेली असली की ठोकतात. वहिनीने आपल्या पेस्टीचा, म्हणजे मांस भरलेल्या करंजीचा, तुकडा मोडून जमिनीच्या फटीत टाकला.

"खा बाबांनो. भाऊजी, हे कुठे उलथलेत?"

"सोनं घेऊन पळाला असेल."

ठोकणं तीन दिवस चाललं. मी रोज ऐकायला जायचो.

वर्षभराने मी तिच्याशी लग्न केलं. डेन्झिलला ती अजून पळपुटा म्हणते.

गेल्या महिन्यात, एकवीस वर्षांनी, तिकडे गेलो होतो. फळी तेवढी उभी होती. एक्केचाळीस जागेवर होती. शेजारचा माझा, बेचाळीसचा खिळा...

रिकामा.

घरी येऊन कोट काढला, तर माझी चकती खिशात. नदीत फेकून आलो. सकाळी पुन्हा खिशात.

काल दुपारी जेवत होतो. फरशीखालून...

टक. टक. टक.

लव्हडे खाली बसली. फरशीला कान लावला. बराच वेळ ऐकत राहिली. मग लग्नानंतर पहिल्यांदाच तिने मला जुन्या नात्याने हाक मारली.

"भाऊजी, हे विचारतायत, चकती कुणी लावली?"

डेन्झिलच्या चकतीबद्दल मी तिला कधीच सांगितलं नव्हतं.

अजून उत्तर दिलेलं नाही. ती तिथेच बसून आहे.