सावकाश आणि घाई

"हिच्या हातची बॅटरी पुरत न्हाई, संगमेश. पिक्चरमंदी मारामारी आली की पडदा आखडतो. कावेरी होती तवा कसं, 'समाप्त' येईस्तोवर चालायचा."

आमचं जुनं गिऱ्हाईक छबुबाई हे हळू आवाजात म्हणाली. पण मी पोत्याच्या पडद्याआड, हातभर अंतरावर चहा गाळत होते.

माझा नवरा फक्त "हं" म्हणाला.

त्या एका "हं"मध्ये जेवढी माया होती, तेवढी लग्नाच्या दोन वर्षांत माझ्या वाट्याला आली नव्हती.

पुढचं मी रचून सांगत नाही. रचायचं असतं तर अमावास्या घातली असती, मध्यरात्र घातली असती. हे घडलं भर दुपारी. साल शहाण्णव, मार्चमधला शनिवार. जागा तेलगावच्या फाट्यावरचं आमचं बॅटरी चार्जिंगचं दुकान. समोर पिठाची गिरणी. मागच्या खोलीत आमचं घर.

तेव्हा घरोघर टीव्ही आले होते, पण संध्याकाळी लाईट नसायची. म्हणून लोक टीव्ही बॅटरीवर लावायचे. रविवारचा पिक्चर बघायचा तर शनिवारी बॅटरी आमच्याकडे.

कावेरी म्हणजे माझ्या नवऱ्याची पहिली बायको.

"पोटात दुखून गेली." मला सगळ्यांनी एवढंच सांगितलं होतं. सासरच्यांनी, शेजाऱ्यांनी, अगदी त्याच तीन शब्दांत. आणि ते बोलून झालं की जो तो जमिनीकडे बघायचा.

दुकानात मात्र ती जागच्या जागी होती.

चार्जरच्या खटक्याच्या एका बाजूला तिनं पांढऱ्या रंगानं लिहिलं होतं, 'सावकाश'. दुसऱ्या बाजूला 'घाई'. भिंतीवरचे तीन खिळेही तिनंच ठोकलेले. एकावर ट्रॅक्टरच्या बॅटरीचे मोठे चिमटे, दुसऱ्यावर टीव्हीच्या बॅटरीचे मधले, तिसऱ्यावर स्कूटरचे बारके. प्लसच्या चिमट्याला तिच्या लुगड्याची लाल चिंधी, उलट्या गाठीनं बांधलेली. ती डावखुरी होती म्हणे.

अ‍ॅसिडनं माझ्या चार साड्यांची चाळण झाली.

त्या चिंधीला... एक भोक नाही.

छबुबाई बॅटरी ठेवून गेली आणि नवरा बॅटरीचं पाणी आणायला माजलगावला गेला. मी छबुबाईची बॅटरी पुढ्यात ओढली. म्हटलं, आज दाखवतेच.

आधी ती चिंधी सोडली आणि चुलीत टाकली. प्लसचा खुंटा जाड, मायनसचा बारीक, हे माझं मी बघून शिकले होते. मला तिची चिंधी कशाला? मधले चिमटे लावले. खटका 'घाई'वर.

जोर जास्त तर बॅटरी जास्त भरणार, हे माझं गणित. शिकवायला कुणी नव्हतं. जिला येत होतं ती गेली होती.

मी आत भाकरी थापायला बसले. बाहेर बॅटरी उकळत होती. बुडबुड... बुडबुड...

मग आवाज थांबला.

बाहेर येऊन बघते तर खटका 'सावकाश'वर.

वाटलं, माझंच चुकलं असेल. पुन्हा 'घाई'वर केला. आत गेले. पिठात हात घातला, आणि...

टक्.

पुन्हा 'सावकाश'.

दारात जाऊन बघितलं. उन्हात रस्ता रिकामा. एक कुत्रं दुकानाकडे तोंड करून उभं होतं. शेपूट हलवत होतं. माझ्याकडे बघून नाही... माझ्या मागे बघून.

खरं सांगते, मला भीती नाही वाटली. राग आला.

"मेलीस तरी दुकान सोडवत न्हाई का गं तुला?" मी मोठ्यानं म्हणाले.

खटका 'घाई'वर केला, सुतळीनं करकचून बांधला आणि समोर स्टूल टाकून बसले.

या वेळी खटका हलला नाही.

बुडबुड वाढत गेली. नाकाला झोंबणारा वास सुटला. बॅटरीला हात लावला तर चटका बसला. पेटीच्या बाजू फुगल्यासारख्या दिसायला लागल्या.

आता मात्र घाबरले. आधी बटण बंद करायचं, मग चिमटा काढायचा, नाहीतर ठिणगी उडते, हे मला माहीत होतं. पण त्या क्षणी आठवलं नाही. चालू करंटावर मी चिमट्याला हात घातला.

ओढणार, तोच...

टक्.

भिंतीवरचं बटण बंद झालं.

लाईट गेली म्हणावं, तर समोरची गिरणी चालूच होती.

माझ्या बोटांना काहीतरी मऊ लागलं. खाली बघितलं.

चिमट्याला लाल चिंधी होती. उलटी गाठ.

आणि बॅटरीशेजारी पसरलेल्या फडक्यावर, एका ओळीत... बॅटरीची सहा बुचं.

आत साठणारा, ठिणगीनं पेटणारा गॅस बाहेर पडावा म्हणून चार्जिंगआधी ती काढून ठेवायची असतात. मी ती काढलीच नव्हती.

आता विजेच्या गाड्या आल्या आहेत. पुतण्या मला समजावतो, काकू, हा हळू चार्जर, हा फास्ट, ही पिन या गाडीला, ती त्या गाडीला. मी मान डोलावते. पण कुणी फास्टवर गाडी लावली की मी तिथं थांबत नाही. अजूनही कान त्या 'टक्'कडे लागलेले असतात.

छबुबाईचा पिक्चर त्या रविवारी 'समाप्त'पर्यंत चालला. "अगदी कावेरीच्या हातची!" असं ती गावभर सांगत सुटली.

पण ते दुसऱ्या दिवशीचं. त्या दुपारी नवरा पाण्याचा कॅन घेऊन आला. मागोमाग छबुबाई, बॅटरी न्यायला.

मी तशीच उभी होते.

"तुमची कावेरी आलती," मी म्हणाले. "मला काम येत न्हाई ते दाखवायला."

जिनं जीव वाचवला तिचाच हेवा करणारी मी जगात एकटीच असेन. पण तोंडातून तेच निघालं.

नवऱ्यानं सुतळी बघितली. बुचं बघितली. मग हळूच खाली बसला आणि एकेका बुचाला बोट लावत गेला.

"ऊठ बाबा," छबुबाई घाईघाईनं म्हणाली. "बिचारी पोटात दुखून..."

"न्हाई, मावशे."

त्यानं माझ्याकडे बघितलं. दोन वर्षांत पहिल्यांदा, सरळ.

"पोटात न्हाई दुखलं, शिवगंगे. बॅटरी फुटली. तिनं 'सावकाश'वरच लावलती. ती आत गेली न् म्या 'घाई'वर केली. ती परत बघाया आली, तवाच फुटली. बुचं काढायचं काम माझं, ती म्याच काढली न्हाईत."