सगळं मिळालं

साखरेच्या बरणीशी झटापट करताना तो स्वतःशीच बोलत होता.

"झाकण फिरत नाही... जोर वाढवतोय... किंचित हालचाल—"

झाकण निघालं आणि निम्मी साखर शेजारच्या मुलीच्या बाहीवर!

"अहवाल अर्धवट राहिला," ती बाही झटकत म्हणाली. "कुणाच्या अंगावर सांडली, तेही सांगा की."

"डाव्या बाजूला. डोळे टपोरे. राग... मध्यम."

"चढतोय," ती म्हणाली. अख्खं कँटीन हसलं.

नव्या, कधीच न उडालेल्या विमानांची चाचणी घेणं हा त्याचा धंदा. या धंद्याची एक रीत असते. वर जे दिसेल, जाणवेल, ते बोलत राहायचं. विमान परत आलं नाही तरी शब्द यावेत. इतर वैमानिक खाली उतरले की गप्प होत, हा मात्र जमिनीवरही बोलत राही. लोक थट्टा करत, पण कारण सगळ्यांना ठाऊक होतं. त्याचा जिवलग मित्र एका चाचणीत अवाक्षरही न बोलता कोसळला होता. का, ते कळलंच नाही. मग तसल्याच दुसऱ्या विमानात आणखी एक जण गेला. न बोललेल्याची किंमत पुढच्याने मोजली, असा त्याचा साधा हिशेब.

ती नियंत्रण कक्षात नव्याने रुजू झाली होती. रेडिओवर वैमानिकाशी एकटीनेच बोलायचं, हे तिचं काम. त्या खुर्चीचा नियम एकच: वैमानिकाच्या नात्यातलं माणूस तिथे चालत नाही. नात्याचा आवाज ऐन वेळी कापतो म्हणे.

म्हणून दोघांनी नात्याला नाव दिलं नाही. संध्याकाळी बसथांब्यापर्यंत सोबत चालणं तेवढं ठेवलं. त्याला नाव लागत नाही!

"पाऊस बारीक," तो म्हणे. "छत्री एक. माणसं दोन."

"छत्री माझी आहे."

"नोंद घेतली. आत यायची परवानगी?"

"अर्ध्या खांद्यापुरती."

तिची मावशी मात्र पक्की, तिने ओळखलंच. "वैमानिकाशी लग्न म्हणजे खिडकीशी लग्न गं. जन्मभर तिथेच उभं राहायचं."

"मी खिडकीत कुठे असते मावशी? मी रेडिओवर असते."

"म्हणजे ऐकावंही लागणार," मावशी म्हणाली आणि भाजी चिरत राहिली. 

त्या दिवशी सकाळ स्वच्छ होती. तो वर नवं विमान तपासत होता, ती रेडिओवर. विमान वेग वाढवत असतानाच त्याचं शेपूट थरथरू लागलं. आधी डावीकडून, असं काहीसं तो म्हणाला, आणि पुढचं सगळं खरखरीत बुडालं. तिच्या समोरच्या पडद्यावरच्या रेघा सपाट झाल्या. विमानातून आकडे येणं थांबलं होतं. तो बोलत होता, एवढंच कळत होतं. काय, ते नाही. रडारवर उंची भराभर घटताना दिसत होती.

"बाहेर पडा," ती म्हणाली. ठरलेला शब्द, ठरलेला स्वर.

खरखर. मग एकच तुकडा स्वच्छ आला—"...मिळतंय का?"

तिला कळलं. उत्तर मिळेपर्यंत हा माणूस विमानाबाहेर फेकणाऱ्या खुर्चीचा दांडा ओढणार नाही.

"मिळालं," ती म्हणाली. आवाज जराही कापला नाही. "सगळं मिळालं. बाहेर पडा."

तो बाहेर पडला. पॅराशूट उघडलं, पण जमीन फार जवळ आली होती.

इस्पितळात तो उताणा, मानेपासून कमरेपर्यंत पट्ट्यांत आवळलेला. पुन्हा उडणं नाही, हे डॉक्टरांनी सांगून टाकलं होतं. इतकी बडबड करणारा माणूस छताकडे बघत गप्प होता.

"सापडलं कारण?" अखेर त्याने विचारलं.

"नाही." ती स्टुलावर बसली. "डावीकडून, एवढंच ऐकू आलं. पुढे काहीच नाही. मी... खोटं बोलले."

त्याने चादरीची कड मुठीत आवळली.

"तू आठवून सांग ना," ती म्हणाली.

"पुसलं गेलंय. शेवटचं आठवतं ते तुझं वाक्य." मग हळूच, "तसलंच दुसरं विमान कोण नेणार?"

"धाकटा." त्याच्या हाताखाली शिकलेला सगळ्यात लहान वैमानिक. सगळे त्याला धाकटाच म्हणत.

त्याने डोळे मिटले. "पुन्हा वेळ आली, तर पुन्हा तेच बोलशील?"

"हो."

"मग त्या खुर्चीत तू नकोस."

"नाहीच आहे. खोटं बोलल्याबद्दल काल काढलं मला."

"मग नियम आड येत नाही." तो हसला नाही. "लग्न करशील? माझा राग... चढाच आहे. उतरेल, याची हमी देत नाही."

"अर्ध्या खांद्यापुरती जागा दे," ती म्हणाली. "तेवढी पुरेल."

तेवढ्यात खिडकीची तावदानं थरथरली. वरून एक विमान गेलं, नवं, त्याच्या विमानासारख्याच आवाजाचं. धाकट्याचं असावं. दोघांनी श्वास धरला. आवाज दूर गेला.

"हात थरथरतोय," तो पुटपुटला.

"कुणाचा?"

त्याने तिची बोटं घट्ट धरली.  तो अजून कान देऊन ऐकत होता.