काचेतला पिवळा डाग

"एक दिवस उशीर झाला म्हणून दोनशे लोकांच्या सह्या केराच्या टोपलीत?" वाचनालय सांभाळणारी ताई घड्याळांच्या दुकानात शिरली तीच तणतणत.

घड्याळजींच्या चिमट्यातला स्क्रू टुणकन उडाला. तो आता दिवसभर सापडायचा नाही. ताईला अर्थात त्यांच्याशी काम नव्हतंच. मागच्या खोलीत खासगी तपासाची कामं घेणाऱ्या त्यांच्या वहिनींशी होतं.

"बस आधी. पाणी पी," वहिनी म्हणाल्या. "आता सांग."

वाचनालय पाडून नगरपालिकेला तिथे गाड्यांसाठी जागा करायची होती. हरकती मागवणारी नोटीस सात दिवस बोर्डावर लावायचा नियम. नोटिशीवर तारीख होती गेल्या सोमवारची. मुदत काल, या सोमवारी संपली, आणि ताईला नोटीस दिसलीच काल संध्याकाळी. रातोरात सह्या जमवून ती सकाळी गेली, तर उशीर झाला म्हणून त्या परत केल्या.

"रोज त्या बोर्डासमोरून जाते मी. नोटीस नव्हतीच! पण त्यांच्याकडे पहिल्या दिवशीचा फोटो आहे म्हणे. आज चार वाजता सभेत ठराव झाला की संपलं वाचनालय."

वहिनी घड्याळजींना घेऊन पोचल्या, तेव्हा नगरपालिकेच्या दारात शिपाई रॉकेलने बाही घासत होता. बाहीवर भला मोठा पिवळा डाग.

"समोरची टाकी रंगवली ना शुक्रवारी! इतकी वर्षं काळी होती तीच बरी होती. नव्या शर्टाची वाट लागली!"

"नोटीस तुम्ही लावलीत?"

"नाही बुवा. हेडक्लार्कसाहेबांनी लावली असेल. किल्ली काय, खिळ्यालाच असते."

वहिनींनी किल्ली काढून बोर्डाची काच उघडली. नोटिशीवर आडवी-उभी घडी पडली होती. घडीवरून त्यांनी बोट फिरवलं, बोट रुमालाला पुसलं. रुमाल निळसर झाला.

"शाई सांडली असेल," घड्याळजी म्हणाले.

हेडक्लार्कना तर प्रश्नानेच धक्का बसला. "मी लावू? ते शिपायाचं काम! मी सोमवारी सपाट फाइलमधून अध्यक्षबाईंच्या सहीला पाठवली. माझी पाठ वाकेल, पण या कचेरीतला कागद वाकणार नाही."

"आणि फोटो?"

"काल कुणीतरी टेबलावर ठेवला. मी फाइलला लावला."

फोटोत नोटीस होती, खाली पेनाने सोमवारची तारीख. काचेवर वरच्या कोपऱ्यात गोल पिवळा डाग. "फ्लॅश चमकलाय," घड्याळजी ठामपणे म्हणाले. वहिनी नुसत्या हसल्या.

अध्यक्षबाई शिवणकाम करायच्या. निवडून येऊन चार महिने झाले, तरी सकाळी कापडं बेततच होत्या. बोटांची टोकं खडूने निळी.

"सही केली, लगेच लावायला सांगितली," त्या म्हणाल्या. "लोक टपलेलेच आहेत हो. ब्लाउज शिवणारी बाई शहर काय चालवणार, म्हणतात!"

घड्याळजींना फार वाईट वाटलं. संशय त्यांनी तिथल्या तिथे शिपायावर ढकलून दिला.

चारला दहा मिनिटं असताना वहिनींनी सगळ्यांना अध्यक्षबाईंच्या खोलीत गोळा केलं.

"तो डाग फ्लॅशचा नव्हे, भावोजी. समोरची टाकी काचेत पडलीय. टाकी पिवळी झाली शुक्रवारी. मग फोटो त्याआधीच्या सोमवारचा कसा?"

शिपायाने आधी आपल्या बाहीकडे बघितलं.

"म्हणजे नोटीस लागली शुक्रवारनंतर. तोवर होती कुठे? कुणाकडे तरी घडी करून ठेवलेली. पण साहेबांच्या हातून कागद घडी होऊन जात नाही. आणि वाळलेली शाई बोटाला लागत नाही. ती पूड होती, कापडावर खुणा करायच्या खडूची."

अध्यक्षबाईंनी हात पदराखाली घेतले.

"घरी नीट वाचावी म्हणून नेली, मापाच्या वहीत राहिली," त्या अखेर म्हणाल्या. "शनिवारी वही उघडली तेव्हा दिसली. काल मीच लावली, मीच फोटो काढला. हसले असते हो सगळे."

"आणि वाचनालय पडलं असतं ते?" ताई कडाडली.



"ब्लाउज चुकला तर काय करता?" वहिनींनी विचारलं.

"उसवते."

"आणि गिऱ्हाईकाला?"

"सांगते, चूक माझी म्हणून."

बाहेर सभेची घंटा झाली. अध्यक्षबाई उठल्या. भरल्या सभागृहात त्यांनी सगळं सांगून टाकलं. मागच्या रांगेतून कुणीतरी फिस्सकन हसलंच. त्या तशाच पुढे बोलल्या, "आज नवी नोटीस लागेल. मुदत आजपासून सात दिवस."

नोटीस त्यांनी सगळ्यांदेखत स्वतः लावली. तिथेच ताईने दोनशे सह्यांचा गठ्ठा पुढे केला, अजून फणकाऱ्यातच.

अध्यक्षबाईंनी निळी बोटं पदराला स्वच्छ पुसली आणि गठ्ठा दोन्ही हातांवर सपाट धरून आत नेला.