तेल न सुटलेली चटणी

"ओ पाव्हणं! असं मान खाली घालून कुठं निघालात? या, आंबील पिऊन जावा!"

सत्यभामेनं बांधावरून हाक मारली खरी, पण आपण कुणाला बोलावतोय हे तिला ठाऊक असतं तर हाक मारण्याऐवजी तिनं बांधावरचं ढेकूळच उचललं असतं. काय करणार, येळवस होती. त्या अमावास्येला आपल्याकडं सगळं गाव रानात जेवतं, कडब्याच्या कोपीत पाच पांडव मांडतं आणि रस्त्यानं जाणाऱ्याला उपाशी पुढं जाऊ देत नाही. येरमाळ्याची एसटी फाट्यावर थांबली आणि तिच्यातून उन्हानं रापलेला एक उंच माणूस उतरला. हातात भली मोठी सुटकेस, पायात नवेकोरे बूट. ज्ञानोबा तात्यांचं रान फाट्याला लागूनच होतं. तात्या पिकात पाणी शिंपडत फिरत होते, घरच्या बायका वाढण्यात गुंतल्या होत्या, म्हणून वाटसरूंना हाका मारायचं काम बालवाडीच्या बाईंवर आलं होतं. बालवाडीच्या बाई म्हणजे सत्यभामा. भूमची मुलगी, नोकरीसाठी दोन वर्षांपूर्वी गावात आली आणि पुतळाबाईच्या घरी भाड्यानं राहिली.

पाहुणा आला. आंबिलीचा तांब्या तोंडाला लावला आणि डोळे मिटून एका दमात रिकामा केला. दुसराही केला. तिसऱ्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

"ठसका लागला काय?" तिनं हसून विचारलं.

"न्हाय…" तो म्हणाला. "चार वर्सं झाली. आंबील न्हाय, भज्जी न्हाय, काय न्हाय. तिकडं एकदा मैद्याची आंबील केली म्या. रूममधल्या लोकांनी मला दाराभायेर काढलं!"

ती खळखळून हसली. त्यानं मान वर करून तिच्याकडं पाहिलं… आणि पाहतच राहिला. तीही जरा गडबडली. उगीच पदर सावरून त्याच्या पत्रावळीवर पालेभाज्यांची पातळ भज्जी, बाजरीचा उंडा आणि शेंगांची चटणी वाढू लागली.

त्यानं चटणीचं बोट चाटलं आणि त्याचा चेहराच बदलला.

"ही चटणी कुणी केली?"

"मी. का?"

"ही मी खाल्लीय. कुवेतला." तो तिच्याकडं रोखून बघत होता. "हिला तेल सुटलेलं न्हाय."

झालं! सत्यभामेच्या हातातली पळी थांबली. तेल सुटलेलं न्हाय! हेच शब्द, जसेच्या तसे, दसऱ्याला आलेल्या पत्रात होते.

पुतळाबाईला लिहितावाचता येत नव्हतं. तिचा एकुलता एक मुलगा महारुद्र कुवेतला वेल्डर. त्याची पत्रं सत्यभामा वाचून दाखवायची, उत्तरंही तीच लिहायची. आणि पत्रं तरी कसली? आईसाहेब, इथं ज्वारी मिळत नाही. आई, हुलग्याचं माडगं आठवतं. आई, सांडगे पाठव, खारोड्या पाठव. पानभर नुसतं खाणं! गेल्या वर्षीच्या श्रावणात पुतळाबाईची उजवी बाजू लुळी पडली. हात उचलेना, भाकरी थापता येईना. म्हातारीनं शपथ घातली, "त्येला कळवू नगंस पोरी, नोकरी टाकून यील." सत्यभामेनं शपथ पाळली. चटणी स्वतः पाट्यावर वाटली, डबा घेऊन येरमाळ्याच्या स्टँडवर गेली आणि परत कुवेतला निघालेल्या तेर गावच्या बसप्पाच्या हातात दिला. त्याचं बक्षीस काय मिळालं? "आई, ह्या बारीला चटणीला तेल सुटलेलं न्हाय. कंटाळा करतीस का आता?"

ही शेवटची ओळ तिनं म्हातारीला वाचून दाखवली नव्हती. गिळून टाकली होती. मग रात्रभर धुमसून पुतळाबाईच्या नावानं असं उत्तर लिहिलं होतं, की कागदानं पेट घ्यावा.

"तुम्ही… महारुद्र?"

"आन् तुमी पत्रं लिवणाऱ्या बाई." तो उठून उभा राहिला. त्याचाही आवाज चढला. "माझी आई रागावली की गप बसती. आन् पत्रात पानभर शिव्या! तवाच म्हणलं, घरात कायतरी इपरीत घडलंय. सुट्टी काढून आलो. सांगा, काय झालंय आईला?"

"हात गेलाय त्यांचा! सोळा महिने झाले!"

"सोळा म्हैने! आन् तुमी मला फसवत होता?"

"फसवत?" तिनं पळी भज्जीच्या पातेल्यात आपटली. उकळती भज्जी मनगटावर उडाली, पण तिला त्याचं भान कुठलं! "एकदा तरी इचारलंत, आई, तू कशी हायस? खारोड्या इचारल्यात, सांडगे इचारले! बहात्तरच्या दुष्काळात त्या माउलीनं खडी फोडली, वाट्याची सुकडी तुमच्या तोंडात घातली. आन् तिला म्हणता कंटाळा करतीस? लाज वाटत न्हाय?"

तात्या हातातलं पाणी विसरून बघत राहिले. महारुद्राची नजर तिच्या मनगटाकडं गेली.

"तुमचा हात भाजलाय, बाई."

"माझ्या हाताचं माझं मी बघीन!"

त्यानं पत्रावळ उचलली. उभ्यानंच, मान खाली घालून, चटणीसकट सगळी पुसून खाल्ली. येळवशीचं अन्न टाकत नसतात. मग सुटकेस खांद्यावर टाकून गावाकडं जवळजवळ पळतच गेला.

मायलेकरांची भेट कशी झाली ते काय सांगायचं! संध्याकाळी सत्यभामा घरी आली तेव्हा तो ओट्यावर बसून आईला भाकरी कुस्करून भरवत होता आणि दोघांचेही डोळे सुजले होते. सत्यभामा तडक आपल्या खोलीत गेली. अजून राग होता ना!

त्याची सुट्टी एक महिन्याची. आईला दोनदा सोलापूरच्या डॉक्टरकडं नेऊन आणलं, रोज सकाळी तिच्या हाताला तेल चोळलं. एका दुपारी धप् धप् आवाज आला म्हणून सत्यभामा बाहेर आली, तर हा गडी घामाघूम होऊन उखळात शेंगदाणे कुटत होता, आणि पुतळाबाई बाजेवरून हुकूम सोडत होती, "आजून कूट! आजून!"

"काय ओ, सुटलं का तेल?" सत्यभामेनं दारातून विचारलं.

"चटणीचं न्हाय. माझंच सुटलंय."

हसू आलं तिला, पण तिनं ते दाबलं. "तिकडं लोखंड जोडता म्हणं. अन् शेंगदाण्यापुढं हरलात?"

"लोखंड उलट बोलत न्हाय, बाई." तो थांबला. कपाळ पुसलं. "खरं सांगू? तुमची चटणीच बरी होती. पाट्यावर वाटलेली… मऊ. म्या उगंच नाव ठिवलं. तिकडं माणूस एकटं पडलं की जिभेवर राग काढतंय."

हे असं गोड बोलला की तिला अधिकच राग यायचा. रागवायचं कुणावर मग? रोज दुपारी ती बालवाडीतून परतायची, तेव्हा तो कसलं तरी निमित्त काढून दारातच असायचा. रोज भांडण व्हायचं, कधी मिठावरून, कधी तिखटावरून. आणि ज्या दिवशी व्हायचं नाही, त्या दिवशी तिला जेवण जायचं नाही. पुतळाबाई बाजेवरून सगळं बघायची आणि भिंतीकडं तोंड करून हसायची.

निघायच्या आदल्या दिवशी तो रिकामा डबा घेऊन तिच्या दारात उभा राहिला. "करार दहा म्हैने राहिलाय. शब्द दिलाय, जावं लागंल. बाई… डबा भरून द्याल?"

"न्हाय."

"का?"

"का म्हंजे?" महिनाभर दाबलेलं सगळं उफाळून आलं. "डबा दिला की भागतंय तुमचं! चटणी चाखायची, डोळे पुसायचे, गावाची आठवण काढली म्हणून समाधान करून घ्यायचं! हितली माणसं काय डब्यात मावतात? न्हाय द्यायची मी चटणी. खायची असंल तर हितं येऊन खावा!"

तो हळूच म्हणाला, "म्हंजे… या म्हणताय?"

"मी कुठं म्हणलं!"

"आत्ताच तर…"

धाडकन दार लागलं. दाराआड ती पाठ टेकून उभी, अन् डोळ्यांतलं पाणी काही थांबेना. काय मेलं हे! राग म्हणावा तर रडू का येतंय?

सकाळी तो गेला. रिकामा डबा घेऊनच गेला.

महिन्यानं पत्र आलं. सत्यभामा बाजेच्या कडेला बसली, पाकीट फोडलं आणि नेहमीच्या करड्या आवाजात वाचू लागली.

"'आई, तुझा हात कुठपर्यंत उचलतो? तेल कोण चोळतं? दुखलं तर लपवू नकोस. बाईंच्या मनगटावरचा फोड बसला का? डाग राहिला का? डाग राहिला असेल तर तो माझ्यामुळं आहे, हे त्यांना सांग.'"

पानभर हेच. भाकरी नाही, भज्जी नाही, चटणीचं नावही नाही. वाचता वाचता तिचा आवाज मऊ पडत गेला. पान संपत आलं. शेवटच्या ओळीपाशी ती अडखळली, चेहरा लालबुंद झाला, आणि तिनं घाईघाईनं पत्राची घडी घातली.

"तुझाच, महारुद्र. झालं मावशी, संपलं."

पुतळाबाईनं डावा हात पुढं करून तिचं मनगट धरलं. नेमक्या त्या डागावर.

"दसऱ्याच्या पत्रातबी एक वळ गिळलीस. म्हातारी हाय, येडी न्हाय मी. त्या बारीला माझं मन दुखंल म्हणून गिळलीस. आता कुणाचं दुखायचंय? वाच."

"मावशी, नको ना…"

"वाच म्हणते!"

सत्यभामेनं घडी उलगडली. पत्र तोंडासमोर धरून, एकेक शब्द रागारागानं तोडत तिनं वाचलं,

"'आई, बाईंना विचार… जन्मभर माझ्यावर अशाच रागावतील का?'"

मग पुतळाबाई म्हणाली, "मग? काय लिवतीस?"

सत्यभामेनं पदरानं डोळे पुसले, कोरा कागद पुढं ओढला.

"लिहिते ना," ती म्हणाली. "लई राग आहे म्हणावं. एका जन्मात सरायचा न्हाय. येळवशीच्या आत या."