गॅलरीचा आकडा

खरं घडलंय हे. आमच्या दामिनीला सुट्टीसाठी खोटं खोकतासुद्धा येत नाही, ती भूत काय रचणार?

गेल्या मे महिन्यातला शनिवार. नागपूर, मानेवाडा. दुपारचे तीन.

रस्त्यावर कुत्रंही नव्हतं.

दुसऱ्या मजल्यावरच्या डिझाइन ऑफिसात दामिनी एकटी. मालक रोहित सर साइटवर. पारशिवनीच्या यमुताईंच्या घराची फाइल चारपर्यंत पाठवायची होती. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या गॅलरीचा स्लॅब ओतायचा होता. गॅलरीखाली खांब नाही. जाडी दीडशे मिलिमीटर. त्याहून कमी झाली, तर वर उभं राहणारा खाली.

सॉफ्टवेअरची एक खोड होती. रकान्यात आकडा टाकून तसंच माउसचं चाक फिरवलं, की पान सरकत नाही.

आकडा सरकतो. गुपचूप.

म्हणून स्क्रीनवर सरांची चिठ्ठी: आधी रकान्याबाहेर क्लिक, मग चाक.

चिठ्ठी लागली ती सुशीलनंतर. तो याच खुर्चीवर बसायचा. एका गॅलरीचा त्याचा आकडा असाच घसरला. ती गॅलरी पाहायला तोच वर चढला होता...

दामिनीनं १५० टाकले. बाहेर क्लिक केलं. पान खाली नेलं, परत वर आणलं.

१४०.

"माझंच चुकलं असंन," म्हणत तिनं पुन्हा १५० केले आणि पाण्याची बाटली उचलली.

टिक्...

चाकाचा आवाज. माउसवर हात नव्हता.

१३०.

तिनं माउसची वायर उपटली.

टिक्... टिक्...

११०.

तिनं सरांना फोन लावला. "सर, आकडा आपोआप उतरून राहिला!"

"चिठ्ठी वाच ना वं."

"माउसच काढला मी!"

"मंग काय भूत फिरवून राहिलं? ऊन लागलं तुले. फाइल पाठव, रामाजी ठेकेदार वाट पाहून राहिला."

तिनं १५० टाकले आणि नजर रोखली. आकडा थांबला.

दाराकडे पाहिलं... ९०.

म्हणजे बघत राहिलं तरच थांबतो. तिनं पुन्हा १५० टाकले आणि पापणीही हलवली नाही.

मग कूलर थांबला. वीज गेली म्हणावं, तर स्क्रीन चालू.

डोळ्यात घाम उतरला. पुसता येईना. उठता येईना. पाऊण तास ती तशीच, खुर्चीला खिळलेली. शेवटी आकड्यावरची नजर न हलवता, कीबोर्डवर चाचपडत तिनं फाइल पाठवली. आणि जिन्याकडे धावली.

रात्री सरांचा मेसेज आला: दीडशेच आहे. उगाच घाबरवलं.

सकाळी स्लॅब ओतला गेला. दामिनी दोन दिवस शांत झोपली.

तिसऱ्या दिवशी जेवताना तिचा घास हातातच राहिला.

फाइलमध्ये बेचाळीस रकाने होते. तिनं राखला तो एक.

तिनं घरच्या लॅपटॉपवर पाठवलेली फाइल उघडली. दोन सळ्यांमधलं अंतर शंभर हवं होतं; वाढलं, की स्लॅब कच्चा.

दोनशे.

बंद करून उघडली. शंभर.

पुन्हा उघडली... तीनशे.

साइटवर कोणता आकडा पोचला? रामाजीनं फाइल छापलेला कागद सिमेंटच्या पाण्यात भिजून गेला. सळ्या काँक्रीटच्या पोटात. सर म्हणाले, "सुट्टी घे."

तिनं यमुताईंनाच फोन केला. "ताई, गॅलरीत नका जाऊ तुम्ही."

यमुताई खळखळून हसल्या. "मंग बांधली काहून वं?"

वास्तुशांतीचा फोटो आलाय. सगळे गॅलरीच्या कठड्याला टेकून हसताहेत.

नऊ जण.

दामिनी रोज सकाळी फोटोतली माणसं मोजते.