साहेबांनी नकार दिला

नोटीस लावायला शिपाई असतो, साहेब नसतो. म्हणूनच सांगलीच्या विश्रामबागेतल्या कॉलेजात टाचण्या तोंडात धरून उभ्या असलेल्या त्या तरुणाला त्रिशलानं बिनधास्त सांगितलं, "फार खाली लावलीत हो, जरा वर घ्या." त्यानं मुकाट्यानं कागद वर लावला आणि मगच सांगितलं, की आपण नेमिनाथ मगदूम, साताऱ्याच्या सरकारी कचेरीतून हुशार पदवीधर शोधायला आलोय. बाईसाहेब अशा काही ओशाळल्या म्हणता!

नोटीस होती सरकारी नेतृत्व प्रशिक्षणाची. वर्षभर पुण्यात शिकायचं, मग तालुक्याचा कारभार हातात.

"मुलींना चालतं?"

"नाही असं कुठं लिहिलंय? आठ कॉलेजं फिरलो… विचारणाऱ्या तुम्ही पहिल्या."

फॉर्मच्या मागं एक ओळ होती. 'शिफारस करणाऱ्या अधिकाऱ्याशी माझं कोणतंही नातं नाही.' शिफारस नेमिनाथच करणार होता, म्हणून त्यानं तिथं तिची सही घेतली.

"नाहीच आहे नातं," ती म्हणाली.

"अजून तरी—" तो बोलून गेला, आणि कान लाल झाले ते त्याचेच.

पुढं तो तीनदा सांगलीला आला. दर वेळी काम सरकारी, आणि दर वेळी त्रिशला कॉलेजातच थांबलेली. दोघं महसुलाबद्दल बोलायची, पण ती त्याची लांबसडक बोटं बघत बसायची. पोरगी प्रेमात पडली होती, उगाच लपवायचं कशाला? तरी फॉर्म आधी, हे तिनं मनाशी पक्कं केलं होतं. बहात्तरच्या दुष्काळात जतला मावशीकडं तिनं खडी फोडणाऱ्या बायांचे अर्ज लिहून दिले होते. कचेरीत टेबलापलीकडचा माणूस मान वर करून बघायचासुद्धा नाही. तेव्हापासून तिला त्या टेबलापलीकडं बसायचं होतं.

अडलं होतं ते आप्पांच्या सहीपाशी. मुलींना वडिलांची संमती लागायची आणि आप्पा रोज "बघू" म्हणायचे. शेवटची तारीख उद्यावर आली, तेव्हा नेमिनाथ स्वतःच सांगलीजवळच्या नांद्र्याला त्यांच्या घरी आला.

झालं भलतंच. आप्पांनी साहेबांचीच मुलाखत घेतली. गाव कुठलं, ऊस किती, घरात माणसं किती. समडोळीचं, आपल्यासारखंच जैन घर, पोरगा अधिकारी, वर निर्व्यसनी… आप्पा खुलले.

"साहेब, आमची पोरगी तुमाला देतो. व्हय म्हना, आजच सुपारी फोडू. मग ह्यो कागद तरी कशाला पायजे?"

दाराआड त्रिशला सगळं ऐकत होती. जे हवं होतं ते दारात चालून आलं होतं, आणि त्यानं हो म्हटलं की ती ओळ खोटी ठरणार, शिफारस बाद होणार. ती बाहेर आली. फॉर्म उलटा करून तिनं त्याच्यापुढं ठेवला, ती ओळ दिसेल असा.

नेमिनाथनं वाचलं. तिच्याकडं पाहिलं. त्याचा चेहरा पार उतरला.

"नाही, काका," तो हळू पण स्पष्ट म्हणाला. "मला हे लग्न करायचं नाही."

आप्पांचा पारा चढला. "बायको म्हनून न्हाई, कचेरीत राबायला तेवढी चालती व्हय? घ्या तुमचा कागद." रागाच्या भरात त्यांनी सही ठोकली. त्रिशला माजघरात गेली आणि तोंडात पदर कोंबून रडली. हट्ट पुरा झाला होता, तरी रडू थांबेना.

महिन्यानं साताऱ्याला मुलाखत झाली. तिचं नाव पुकारताच नेमिनाथ समितीतून उठला आणि बाहेर गेला. तिनं सगळी उत्तरं ताठ मानेनं दिली. दिवस कलताना यादी लागली. तिसरं नाव तिचं होतं.

कचेरीच्या पायऱ्यांवर तिनं त्याला गाठलं. "उठून का गेलात?"

"मार्क देणाऱ्याचं मन कुणीकडं झुकलेलं चालत नाही."

"आणि तुमचं…?"

"पार झुकलंय. त्या दिवशी नाही म्हणताना जीभ जड झाली होती, त्रिशला."

तिनं पहिल्यांदाच त्याच्या डोळ्यांत सरळ पाहिलं. "मग ऐका. मी वर्षभर पुण्यात राहणार, शिक्षण पुरं करणार. थांबाल?"

"थांबेन."

"मग आप्पांना खरं काय ते मीच सांगते. चिडतील. चार दिवस बोलायचे नाहीत. पण शेवटी तुमच्या दारात येतील, आणि तुम्हाला पुन्हा विचारतील."

"येऊ देत की. माझं उत्तर पाठ आहे."

"म्हणून दाखवा," ती म्हणाली.

"हो," नेमिनाथ म्हणाला.